बिनपाण्याचा कूलर

मार्च संपत आला की आमच्या नागपुरात माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. यंदा त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलत बसलो होतो, तेवढ्यात अमरावतीहून भाच्याचा फोन आला. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर. "मामा, कूलर घ्यायचाय. एअर घेऊ की लिक्विड?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाण्याचाच घे रे. बिनपाण्याचा कूलर म्हणजे नुसता पंखा."

भाचा ॲनिमेशन शिकतो आणि नवा डेस्कटॉप असेंबल करतोय. त्याचा कूलर प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपच्या, डोक्यावर बसणारा. पण आईच्या बोलण्यात जी समजूत होती तीच दहा-पंधरा हजार रुपये खिशात घेऊन दुकानात जाणाऱ्या पुष्कळ पोरांच्या डोक्यात असते: पाणी आलं की गारवा आला. खिडकीतल्या कूलरसाठी ते शंभर टक्के खरं आहे. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत येते, जाताजाता ताटीवरच्या पाण्याची वाफ करते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. म्हणून खोलीत येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा खरोखर गार असते. पाणी उडून जातं, म्हणून तर रोज संध्याकाळी बादल्या ओताव्या लागतात.

कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरमध्ये पाणी सीलबंद असतं. त्याची वाफ होत नाही, ते कुठे उडून जात नाही, आणि म्हणूनच ते खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. खोलीत ३८ अंश असतील तर ते पाणी ३८च्या खाली येणार नाही, काम सुरू झाल्यावर ४५-५०पर्यंत चढेल. ते पाणी गारवा देत नाही, हमाली करतं. उष्णता इकडून उचलायची आणि तिकडे नेऊन टाकायची.

उलट ज्याला सगळे एअर कूलर म्हणतात, त्याच्या पोटात पाण्याची वाफ होत असते. हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी आजीची बाजू घेतोय.

नखाएवढी इस्त्री

आधी अडचण नेमकी काय आहे ते बघू. प्रोसेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १०० वॉट घेतले की १०० वॉट उष्णता. घरातल्या वस्तूंच्या मानाने हा आकडा मोठा नाही. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातूनही साधारण तेवढीच उष्णता निघते.

भानगड आहे ती जागेची. घरची इस्त्री घ्या. १००० वॉटची असेल आणि तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला ५ वॉट येतात. आता एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर बघा. त्यातल्या आठ कोअरच्या, म्हणजे हिशेब करणाऱ्या आठ भागांच्या, चिपचं क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तेवढ्यातून १०० वॉट निघाले तर एका चौरस सेंटिमीटरला १४०च्या वर वॉट होतात. इस्त्रीच्या अठ्ठावीसपट! बरं, इस्त्रीचं कामच तापणं आहे. या नखाने मात्र ९५ अंशांच्या पुढे जायचं नाही.

गेलाच तर काय होतं? पूर्वी लोकांना वाटायचं की प्रोसेसर जळेल. आजचे प्रोसेसर जळत नाहीत, अंग चोरतात. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांवर आणि रायझन ७०००चे ९५वर पोचले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात. तुम्हाला दिसतं एवढंच, की कालपर्यंत वीस मिनिटांत होणारं रेंडर, म्हणजे ॲनिमेशनची चित्रं तयार करायचं काम, आज तीस मिनिटं घेतंय. कूलरवर घातलेला पैसा हा असा वेगाच्या रूपाने परत येतो, किंवा शांततेच्या रूपाने. तिसरं काही मिळत नाही.

एक चमचा पाणी, बादलीभर हवा

पाणी हा हवेपेक्षा किती चांगला हमाल आहे याचा हिशेब पाटीवर करता येतो. समजा २०० वॉट उष्णता वाहून न्यायची आहे आणि नेणाऱ्याचं तापमान १० अंशांनी वाढलेलं चालेल. पाणी असेल तर सेकंदाला साधारण ५ मिलिलिटर पुरतं, म्हणजे चहाचा एक चमचा. हेच काम हवेकडून करून घ्यायचं तर सेकंदाला जवळजवळ १७ लिटर हवा हवी, म्हणजे आंघोळीची बादली भरून. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतलं तर पाणी सुमारे साडेतीन हजारपट उष्णता धरतं.

हा आकडा ऐकून लोक लगेच लिक्विडच्या रांगेत जाऊन उभे राहतात. पण पाण्याने उष्णता उचलली, पुढे काय? ती नळीतून रेडिएटरकडे गेली. रेडिएटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पन्हाळ्यांची जाळी, आणि तिच्यावर पंखे. तिथे पाणी ती उष्णता हवेच्या हवाली करतं. २०० वॉटसाठी, १० अंशांच्या फरकाने, त्या रेडिएटरमधून सेकंदाला तीच १७ लिटर हवा जावी लागते. चमचा मध्ये आला, पण बादली काही सुटली नाही.

म्हणजे लिक्विड कूलर हाही शेवटी हवेवरच चालतो. फरक एवढाच की उष्णता हवेला कुठे द्यायची ती जागा बदलते: प्रोसेसरच्या डोक्यावर, की नळीच्या टोकाला कॅबिनेटच्या भिंतीवर. निवड करायची ती या जागेची, हवा-पाण्याची नाही. आणि दोन्हीकडे ती उष्णता तुमच्याच खोलीत येऊन पडते. लिक्विड घेतलं म्हणून खोली गार राहील असं कुणी सांगत असेल तर त्याच्या दुकानातून हळूच निघावं. गेम खेळताना कॉम्प्युटर एकूण ४०० वॉट खात असेल तर खोलीत चार माणसं जास्तीची येऊन बसल्यासारखं आहे, कूलर कुठलाही असो.

तांब्याच्या नळीतलं ढग-पाऊस

आता एअर कूलरच्या पोटातल्या पाण्याकडे येतो, कारण मला स्वतःला यातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

एअर कूलर म्हणजे बहुधा टॉवर कूलर. तो हातात घेतलात तर खाली एक चपटी तांब्याची बैठक दिसते, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत, आणि दोन्हींना जोडणाऱ्या चार किंवा सहा वाकवलेल्या तांब्याच्या नळ्या. पाहणाऱ्याला वाटतं या नळ्या म्हणजे भरीव तारा आहेत. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून टाकून अगदी थोडं पाणी घालून दोन्ही टोकं बंद केलेली असतात. आत दाब अगदी कमी म्हटल्यावर त्या पाण्याला उकळायला १०० अंश लागत नाहीत. प्रोसेसरची बाजू तापली की पाणी तिथे वाफ होतं, ती वाफ क्षणात वरच्या थंड टोकाकडे धावते, पत्र्यांना आपली उष्णता देते आणि पुन्हा पाणी होते. हे पाणी परत येतं कसं? नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. समईची वात जसं तेल वर ओढते तसा तो थर पाणी मागे ओढून आणतो. म्हणून नळी आडवी असो की उभी, काम चालतं.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५० ज्यूल लागतात. म्हणजे २०० वॉटचा प्रोसेसर असेल तर दर अकरा सेकंदांना फक्त एक ग्रॅम पाणी वाफ होऊन वर गेलं की झालं. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. तळहातावर मावणारी ढग-पावसाची फेरी. या नळीला हीट पाइप म्हणतात. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये ती करून दाखवली, आणि तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानांना वीज देण्याचं काम होतं. आज ती अडीच हजार रुपयांच्या कूलरमध्ये चार-चार येते.

आईला हे सांगितलं. तिने विचारलं, "मग पाणी कधी भरायचं?" कधीच नाही. वाफ नळीच्या बाहेर जातच नाही. म्हणून हाही कूलर खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. वाफेत गेलेली उष्णता दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी परत मिळते.

पंप आला की पंपाची दुखणी आली

बाजारात जे लिक्विड कूलर मिळतात ते बहुतेक सगळे एआयओ, म्हणजे कारखान्यातच भरून सील केलेले. प्रोसेसरवर तांब्याची एक थाळी बसते. तिच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक पन्हाळ्या कोरलेल्या असतात आणि त्यातून पाणी फिरतं. पाणी म्हणजे पाणी, गोठू नये म्हणून घातलेलं ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. पंप बहुधा या थाळीच्याच डोक्यावर असतो. थाळी आणि पंप एकाच डबीत बसवण्याची ही रचना डेन्मार्कच्या ॲसेटेक कंपनीने पेटंट करून ठेवली होती. म्हणून काही कंपन्यांच्या कूलरमध्ये पंप नळीच्या मध्ये किंवा रेडिएटरमध्ये दिसतो. त्यामागे इंजिनिअरिंग थोडं आणि वकील जास्त आहेत.

द्रवाने कॉम्प्युटर थंड ठेवणं ही काही गेमिंगवाल्या पोरांची फॅशन नाही, हेही सांगायला हवं. १९८५चा क्रे-२ हा महासंगणक तर अख्खा एका द्रवात बुडवलेला होता. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे, त्याचेही प्रोसेसर थेट द्रवाने थंड होतात. ॲपलने २००४मध्ये पॉवर मॅक जी-५च्या सगळ्यात वेगवान मॉडेलमध्ये लिक्विड कूलिंग घातलं होतं, आणि त्यातली काही यंत्रं पुढे गळली. महासंगणकाजवळ पंपाकडे बघायला माणूस असतो. आपल्या टेबलाखाली नसतो.

मागच्या लग्नसराईत एका व्हिडिओ शूटिंगवाल्या मित्राने बोलावलं. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की दहाव्या मिनिटाला कॉम्प्युटर कासव होतो, आणि पार्ट्या फोनवर फोन करतायत. कॅबिनेटची काच काढली. लिक्विड कूलर पाचेक वर्षांचा, त्यावरचे रंगीत दिवे झगमगत होते, तिन्ही पंखे जोरात. स्क्रीनवर प्रोसेसर १०० अंश. मी रेडिएटरला हात लावला. तो थंड, देवघरातल्या तांब्यासारखा. पंख्यातून येणारी हवाही गार.

गार हवा येतेय म्हणून मित्र खूश होता, आणि रोग नेमका तोच होता. पंप चालू असेल तर मिनिटाला लिटरभर पाणी फिरतं, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीत फार तर दोन-तीन अंशांचा फरक असतो; हाताला दोन्ही सारख्याच कोमट लागतात आणि रेडिएटरही कोमट असतो. इथे प्रोसेसर उकळत होता आणि रेडिएटरला पत्ताच नव्हता. म्हणजे मधला हमाल बसला. पंप बंद, बाकी सगळी दिवाळी चालू. एअर कूलरचा पंखा बिघडला तर पाच-सातशेचा नवा पंखा तासाभरात लागतो. एआयओचा पंप गेला की अख्खा कूलर बदलायचा. त्या दिवशी सीताबर्डीवरून दुहेरी टॉवरचा एअर कूलर आणून बसवला आणि रात्री अकराला व्हिडिओ निघाला. दिवे गेल्याचं दुःख मित्राला अजून आहे.

पाणी गळून मदरबोर्ड जळण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण तसं क्वचित होतं. जास्त करून होतं ते हळूहळू. रबरी नळीच्या भिंतीतून पाण्याचे कण वर्षानुवर्षं थोडेथोडे झिरपून जातात, कूलर गरम राहत असेल तर जरा जास्तच. त्यांच्या जागी आत हवेचा बुडबुडा वाढतो. थाळी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्यामुळे गंजविरोधी रसायन थकलं की गाळही धरतो आणि तो त्या केसाएवढ्या पन्हाळ्यांत अडकतो. पाच-सहा वर्षं हे आयुष्य धरून चालावं. चांगल्या कंपन्या वॉरंटीही साधारण तेवढीच देतात. टॉवर कूलरच्या धातूला असं काही आयुष्य नसतं. मदरबोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बदललं तर नवी क्लिप लागते, बस.

बुडबुड्यावरून एक गोष्ट, जी बसवणारेही चुकवतात. हवा नेहमी वर जाते. त्यामुळे पंप हा सगळ्यात उंच भाग असता कामा नये, नाहीतर बुडबुडा पंपात जाऊन बसतो, गुळगुळ आवाज येतो आणि पंप कोरडा घासतो. रेडिएटर छताला लावा. पुढे लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असा लावा. तळाला कधीच नाही.

मग लिक्विड घ्यायचं कुणी?

घेण्यासारखी कारणं आहेत, आणि ती पाण्याच्या थंडपणाची नाहीत.

पहिलं कारण जागा. प्रोसेसरच्या डोक्यावर विटेएवढंच काहीतरी मावतं. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-डी१५ हा नावाजलेला एअर कूलर पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर भरतो आणि १६५ मिलिमीटर उंच आहे. त्याच्या पलीकडे फार वाढायला वावच नाही. रेडिएटरला मात्र आख्खी भिंत मिळते: ३६० मिलिमीटरचा घेतला तर १२० मिलिमीटरचे तीन पंखे ओळीने. पत्रा जास्त, पंखे जास्त, म्हणून तीच बादलीभर हवा कमी आवाजात जाते. हे फक्त मोठ्या रेडिएटरबद्दल खरं आहे. १२० मिलिमीटरचा एकपंखी एआयओ हा मला यातला सगळ्यात वाईट सौदा वाटतो; त्याच्या निम्म्या किमतीचा साधा टॉवर तेवढंच काम करतो. २४० मिलिमीटरचा एआयओ आणि चांगला दुहेरी टॉवर यांच्यातही उन्नीस-बीसचाच फरक. खरं अंतर पडतं ते २८० आणि ३६०पासून.

दुसरं कारण, तासन्‌तास चालणारं जड काम. इंटेलचा कोअर आय९ १४९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, रायझन ९ ९९५०एक्स २३०पर्यंत. सलग तीन तास रेंडर, कोड कंपाइल, सिम्युलेशन असलं रोजचं काम असेल तर ३६०चा एआयओ घ्यावा, पैसे वसूल होतात. पण "माझा प्रोसेसर २५३ वॉटचा आहे" असं म्हणणारे बहुतेक जण दिवसभर ब्राउझर आणि संध्याकाळी गेम चालवतात. गेममध्ये प्रोसेसर क्वचितच पूर्ण ताकद लावतो. रायझन ७ ७८००एक्स३डी गेमिंगसाठी इतका गाजला, तो बहुतेक गेममध्ये १०० वॉटच्या बराच खाली राहतो. तिथे ३६०चा एआयओ म्हणजे मुंगीला हत्तीचा हौदा.

शिवाय यात्रेतल्या देवळाच्या दाराचा नियम इथे लागतो. बाहेर मैदान कितीही मोठं करा, आतली गर्दी दारातून जेवढी निघायची तेवढीच निघते. नखाएवढ्या चिपमधून उष्णता वरच्या धातूच्या झाकणात, तिथून झाकण आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या पेस्टमध्ये, मग कूलरमध्ये यायची असते. ७८००एक्स३डीमध्ये तर कोअरच्या चिपवर जादा मेमरीचा एक थर गोधडीसारखा पांघरलेला आहे. त्याच्यावर टॉवर काढून मोठा रेडिएटर ठेवला तर तापमान थोडंफार उतरतं, पण किमतीच्या मानाने फार नाही. एएमडीने २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये ती गोधडी अंगाखाली घातली, तेव्हा तापमान चटकन सुधारलं. कूलर तेच, दार रुंद झालं.

तिसरं कारण लहान कॅबिनेट, ज्यात उंच टॉवर मावतच नाही. चौथं, दिसणं. काचेच्या कॅबिनेटमध्ये नळ्या आणि दिवे छान दिसतात. ते छान दिसतं म्हणून घेतोय असं सरळ म्हणून घेतलं तर माझी काही हरकत नाही. मीही मखराला दिव्यांच्या माळा लावतोच.

साठ-पासष्ट वॉटच्या गटातल्या प्रोसेसरसाठी, म्हणजे आय५ १२४०० किंवा रायझन ५ ७६००सारख्यांसाठी, हा लेख वाचायचीही गरज नव्हती. डब्यात येणारा कूलर चालतो. त्याचा आवाज नको असेल तर दोन-अडीच हजारांचा एक पंख्याचा टॉवर, विषय संपला.

विदर्भातला मे

परदेशी परीक्षणांत तापमानाचे जे आकडे येतात ते बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या वर अमुक इतक्या अंशांवर ठेवतो. २२ अंशांच्या खोलीत ७० म्हणजे खोलीच्या वर ४८. आमच्याकडे मेच्या दुपारी बाहेर ४५ आणि वाळ्याचा कूलर लावूनही घरात ३४-३५. तिथे कॉम्प्युटरचा तोच कूलर असला तरी प्रोसेसर ८३ दाखवणार. यात बिघाड काही नाही, साधी बेरीज आहे. यावर कूलर बदलून चार-पाच अंश मिळतील. खोलीत एसी लावला तर दहा.

खिडकीतल्या कूलरच्या दमट हवेने कॉम्प्युटरवर दव धरेल का, असं भाच्याने विचारलं. नाही धरणार, कारण कॉम्प्युटरचा कुठलाच भाग खोलीपेक्षा गार नसतो. दव गार गोष्टीवर धरतं. पण कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या झोतातून बारीक थेंब येतात, थेंबांत आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार असतात, आणि त्यावर धूळ चिकटली की पन्हाळ्यांत पांढुरका लेप बसतो. धुळीच्या बाबतीत टॉवर सरळ आहे, समोर दिसते, ब्रश मारला की गेली. रेडिएटरमध्ये ती पंखा आणि जाळीच्या मधे लपून नमद्यासारखी जमते. स्क्रू काढल्याशिवाय दिसत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने गरगरतं आणि बेअरिंग जातं.

आणि कॅबिनेट. पुढून पूर्ण काच असलेलं, हवेला फट नसलेलं कॅबिनेट घेऊन त्यात महाग कूलर बसवणं म्हणजे दारं-खिडक्या लावून चुलीपाशी पंखा घेऊन बसणं. गेमिंगमध्ये खरी भट्टी ग्राफिक्स कार्ड असते: आरटीएक्स ४०७० एकटं २०० वॉट, ४०९० तर ४५०. ती उष्णता आधी बाहेर निघाली पाहिजे. कूलरमधून तीन हजार वाचवून ते जाळीच्या पुढच्या दाराच्या कॅबिनेटवर आणि दोन पंख्यांवर घातले तर प्रोसेसर आणि कार्ड दोघेही दुवा देतात. टॉवर कूलरचा आणखी एक न सांगितला जाणारा फायदा म्हणजे त्याचा वारा जाताजाता मदरबोर्डवरच्या वीजपुरवठ्याच्या भागांनाही लागतो. एआयओ लावला की त्या कोपऱ्यात वारा नसतो.

भाच्याने काय घेतलं

त्याचा प्रोसेसर रायझन ९ ९९००एक्स, बारा कोअर, जास्तीत जास्त १६२ वॉट. काम ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं, पण कॉलेजचे प्रोजेक्ट सोडले तर रेंडर आठवड्यातून दोनदा. मी त्याला दोन आकडे मोजायला सांगितले: कॅबिनेटच्या माहितीत लिहिलेली कूलरची कमाल उंची, आणि टॉवरच्या शेजारी येणाऱ्या रॅमची उंची. कॅबिनेट १६० मिलिमीटरचं. त्यात थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बसतो, तो १५५चा. दोन टॉवर, सहा हीट पाइप, चार हजारांच्या आसपास. ३६०च्या एआयओसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याने जास्तीची रॅम घेतली.

बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी फोन. "मामा, तुमच्या सल्ल्याने वाट लागली. विंडोज चालू व्हायलाच ९५ दाखवतंय." मी म्हटलं, कूलर काढ आणि खालची बाजू बघ. तांब्याच्या बैठकीवर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता, त्यावर लहान अक्षरांत 'बसवण्यापूर्वी काढा' अशी इंग्रजी सूचना. याची लाज वाटून घेऊ नये, अनुभवी लोकांचंही होतं. पापुद्रा काढून, स्पिरिटने पुसून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट घालून पुन्हा बसवला. स्क्रू कर्णाकर्णाने, थोडेथोडे आवळत.

त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन इको मोड लावायला सांगितला. त्याने प्रोसेसरची मर्यादा १६२ वॉटवरून १४२वर आणली. शेवटचे हे वीस वॉट प्रोसेसर जवळजवळ हौस म्हणून खात असतो, रेंडरच्या वेळेत त्यांचा फरक किरकोळ पडतो, पण तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. कूलर बदलण्याआधी हे करून बघावं, त्याला पैसे पडत नाहीत. गावाला जाताना कॅबिनेट ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचं असेल तर टॉवर काढून वेगळा गुंडाळायचा, एवढी तंबी मात्र दिली आहे. उभ्या मदरबोर्डवर एवढं वजन लटकवून समृद्धी महामार्गाचे धक्के खायला लावू नयेत.

वीस मेला त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. अर्धा तास रेंडर चालल्यानंतरचा. खोलीत ३६ अंश, प्रोसेसर ८२, पंखे निम्म्या वेगाने. खाली लिहिलं होतं, "आजीला सांगा, पाणी भरलं."